रक्तवाढीची गोळी आणि न विचारलेला प्रश्न

पुण्याजवळच्या एका वस्तीत गेल्या पावसाळ्यात आम्ही एका बाळंतिणीच्या घरी गेलो होतो. बाळ दोन महिन्यांचं, दुसरी मुलगी. आई बावीस वर्षांची, माहेर परभणीकडचं, नवरा कंत्राटी सफाई कामगार. (ओळख कळू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत.) आम्ही नको नको म्हणत असताना ती चहा ठेवायला उठली. साखरेचा डबा काढताना शेजारचा डबा खाली पडला आणि त्यातून लाल गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर आल्या. चौदा पट्ट्या. एकही फोडलेली नाही.

आमच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे ‘लोहगोळ्या दिल्या’ अशी बरोबरची खूण दर महिन्याला होती. तिला अठरा पट्ट्या दिल्या गेल्या होत्या. म्हणजे आमच्या कागदावर ती १८० गोळ्या पूर्ण केलेली ‘यशस्वी’ लाभार्थी होती. का नाही घेतल्यास, असं विचारलं तर म्हणाली, “आधी मळमळायचं म्हणून. मग वाटलं, घेऊन तरी काय करू ताई. जगावंसंच वाटत नव्हतं मला.” आणि लगेच पुढच्या वाक्यात विचारलं, साखर कमी चालेल ना?

नऊ महिने आम्ही तिच्याकडे जात होतो. वजन विचारलं, हिमोग्लोबिन विचारलं, लसीची तारीख विचारली. तुला कसं वाटतंय, हे एकदाही विचारलं नाही. ही चूक आमची आहे आणि ती मान्य करूनच पुढचं लिहितो आहोत. चळवळीतल्या तरुणांनी हे वाचावं असं वाटतं, कारण गरोदर बाईचं आरोग्य हा विषय आपल्याकडे ‘बायकांचा’ म्हणून बाजूला पडतो. जयंतीच्या व्याख्यानमालेत आरक्षणावर, संविधानावर, खासगीकरणावर वक्ते येतात. बाळंतपणावर बोलायला कोणी आलेलं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

आधी गोळीबद्दल. २०१८ पासून देशात ‘ॲनिमियामुक्त भारत’ ही मोहीम सुरू आहे. तिच्यानुसार गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी मोफत मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ही गोळी गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. शिवाय कॅल्शियमच्या दिवसाला दोन गोळ्या आणि जंताची एक गोळी. पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक ॲसिड. पोटातल्या बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होतो, त्यासाठी ते लागतं. पण आपल्या वस्त्यांत पहिल्या २८ दिवसांत किती जणींना आपण गरोदर आहोत हेच कळलेलं असतं? नाव नोंदवायला त्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतात. म्हणून लग्न झालेल्या आणि मूल हवं असलेल्या मुलीला फॉलिक ॲसिड आधीपासून द्यायला हवं. ही साधी गोष्ट आजही बहुतेकींपर्यंत पोचलेली नाही.

आता आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातल्या ५०.४ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. पाचव्या फेरीत (२०१९-२१) तो ५२.२ टक्के झाला. महाराष्ट्रात गरोदर स्त्रियांमध्ये ४५.७ टक्के, आणि १५ ते ४९ वयोगटातल्या सगळ्या स्त्रिया धरल्या तर ५४.२ टक्के. याच काळात देशात १०० दिवस किंवा त्याहून जास्त लोहगोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या मातांचं प्रमाण ३०.३ वरून ४४.१ टक्क्यांवर गेलं. म्हणजे गोळ्या वाढल्या, रक्तक्षय हटला नाही. बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेल्या तपासणीवर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत आणि ते रास्तही आहेत. पण आक्षेप मान्य करूनही निम्म्या गरोदर बायका अशक्त आहेत हे वास्तव फारसं हलत नाही. अनुसूचित जाती आणि जमातींतल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सरासरीपेक्षा जास्त आहे, हेही याच सर्वेक्षणाच्या फेऱ्यांतून दिसत आलं आहे.

गोळी पोटात का जात नाही, याची कारणं प्रत्येक आशाताईला पाठ आहेत. मळमळ, बद्धकोष्ठ, काळी शौच. ‘मूल काळं होतं’, ‘मूल मोठं होतं आणि सिझर करावं लागतं’ या समजुती. या समजुतींना हसण्याआधी एक लक्षात घ्या, गोळीनं शौच काळी होते हे बाई स्वतःच्या डोळ्यांनी बघत असते. तिनं काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, पण तो काढण्याजोगा पुरावा तिच्यासमोर आहे आणि तो खोडून काढायला तिच्याजवळ कोणी दहा मिनिटं बसलेलं नाही. जी घेते तिचीही गोळी वाया जाते, कारण ती चहाबरोबर घेतली जाते किंवा लोह आणि कॅल्शियम दोन्ही एकदमच गिळलं जातं. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह शोषू देत नाहीत. लोहगोळी रात्री जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर मळमळही कमी होते आणि अंगीही लागते. त्रास फारच होत असेल तर गोळी बंद न करता नर्सबाईंना सांगायचं. दुसऱ्या प्रकारचं लोह मिळतं, आणि रक्त फारच कमी असेल तर सलाइनमधूनही लोह देतात.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट इथंच सांगायला हवी. सिकलसेल. हा आजार फक्त आदिवासींचा आहे असं अनेक जण मानतात. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या पट्ट्यात तो आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे आणि तिथल्या डॉक्टरांनी तो कित्येक वर्षांपासून नोंदवला आहे. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या स्त्रीचं रक्त लोहाच्या कमतरतेनं नव्हे, तर लाल पेशी लवकर फुटतात म्हणून कमी असतं. तिला फॉलिक ॲसिड जास्त लागतं. लोह मात्र तपासणीत कमतरता दिसली तरच द्यायचं असतं. रक्त कमी दिसलं की लाल गोळी, हा सरसकट नियम तिथं चालत नाही. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे आणि तपासणी मोफत आहे. लग्नाआधी पत्रिका न बघण्याचा अभिमान आपल्याला आहेच. त्या जागी दोघांची सिकलसेल तपासणी बघण्याची पद्धत आपल्या वधू-वर मेळाव्यांनी आणली तर फार बरं होईल.

आता मनाकडे येऊ. सध्या बाजारात गरोदर बायकांसाठी पावडरींचे डबे आणि कॅप्सूल यांचा सुळसुळाट आहे. पाचसातशे रुपयांचा डबा, वर हसऱ्या आईचा फोटो. आपल्यातल्या नोकरदार घरांत हे डबे आले आहेत आणि आता वस्त्यांतही हप्त्यानं, उधारीनं येऊ लागले आहेत. व्हॉट्सॲपवर तर ‘बाळाचा मेंदू तल्लख आणि आईचा मूड आनंदी’ अशा जाहिराती फिरत असतात. म्हणून प्रश्न विचारायला हवा, की पूरक पोषणानं गरोदर किंवा बाळंत बाईचं नैराश्य जातं का?

माशाच्या तेलातल्या डीएचए या घटकाचं उदाहरण घ्या. याच्याबद्दल सर्वांत जास्त दावे होतात. ऑस्ट्रेलियात २,३९९ गरोदर स्त्रियांवर याचा मोठा प्रयोग झाला आणि २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांना रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए दिलं, निम्म्यांना दुसरं साधं तेल. बाळंतपणानंतरच्या सहा महिन्यांत दोन्ही गटांतल्या नैराश्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. डीएचएचे दुसरे उपयोग आहेत, वेळेआधी होणारी बाळंतपणं त्यानं काही अंशी टळतात. पण उदासीवरचा इलाज म्हणून ते विकणं ही फसवणूक आहे.

लोहाचं थोडं निराळं आहे. रक्त कमी असलेल्या बाईला धाप लागते, चिडचिड होते, झोपून उठल्यावरही अंग जड असतं, कशातच लक्ष लागत नाही. ही लक्षणं आणि नैराश्याची लक्षणं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की बघणाऱ्याला फरक कळत नाही. रक्त सुधारलं की यातला काही भाग हलका होतो. थायरॉइडचंही तसंच. म्हणून मन खचलेल्या बाळंतिणीचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायलाच हवं. पण रक्त बारावर गेलं म्हणून नवऱ्याची मारहाण थांबत नाही. दुसरी मुलगी झाल्यावर दवाखान्याच्या दारातून परत गेलेली सासू हिमोग्लोबिन वाढलं म्हणून परत येत नाही.

हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. त्यातल्या बहुतेकींना गरोदरपणातच त्रास सुरू झालेला होता. कोणाला जास्त? जिथं पैशांची ओढाताण होती, जिथं नवऱ्याशी संबंध बिघडलेले होते, मारहाण होती, जिथं मुलगा हवा असताना मुलगी झाली. लेखकांनी शीर्षकातच लिंगभाव आणि गरिबी हे शब्द घातले होते. त्याच गटानं पुढच्या वर्षी दाखवलं की नैराश्यात असलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची होईतो कमी वजनाची राहण्याचं प्रमाण इतर बाळांच्या दुपटीहून जास्त होतं. संपूर्ण भारतातले ३८ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेली सरासरीही २२ टक्के, म्हणजे साधारण दर पाच बाळंतिणींमागे एक.

थोडक्यात, पोषण आणि मन यांचं नातं आहे, पण जाहिरातीतल्यासारखं ते पावडरीकडून आनंदाकडे जात नाही. खचलेली बाई जेवत नाही, गोळी घेत नाही, बाळाला अंगावर घ्यायला तिच्यात त्राण नसतं. बाळाचं वजन घटतं. मग अंगणवाडीत बाळाचं नाव कुपोषितांच्या यादीत जातं आणि ‘आई दुर्लक्ष करते’ असा शेरा पडतो. कुपोषण मोजणाऱ्या यंत्रणेकडे वजनकाटा आहे, उंची मोजायची पट्टी आहे. आईचं मन विचारायला एक रकानाही नाही. आम्ही पाहिलेल्या एकाही माता-बाल कार्डावर तो नव्हता.

उलट आईलाच दोष देणारं एक नवं खूळ गर्भसंस्काराच्या नावानं पसरतं आहे. गरोदर बाईनं चांगले विचार करावेत, प्रसन्न राहावं, अमुक श्लोक ऐकावेत, म्हणजे संस्कारी संतती होते. याचे वर्ग चालतात, ॲप निघाले आहेत, त्यासाठी मोहिमा राबवल्या जातात. आता विचार करा, जी बाई रात्री रडते तिला हे ऐकून काय वाटेल? माझ्या रडण्यानं माझं मूल बिघडणार. म्हणजे दुःख आहेच, वर त्याची लाज. आपल्या काही घरांत श्लोकांच्या जागी दुसरं काही लावतात, पण मुद्दा तोच ठेवतात. आईच्या मानसिक आरोग्याचा मुलावर परिणाम होतो हे खरं आहे. त्यामुळे तिला मदत करण्याची जबाबदारी घरावर आणि सरकारवर येते. ‘हसत राहा’ असा हुकूम तिलाच सोडून ती टळत नाही.

अन्नाच्या राजकारणाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर मातांचा एक प्रदीर्घ अभ्यास केला. दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. फॉलेट मात्र बहुतेकींचं ठीक होतं. बी-१२ भाजीपाल्यात मिळत नाही. ते मांस, मासे, अंडी आणि दूध यांत असतं. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली. लाल गोळीत फॉलिक ॲसिड आहे, बी-१२ नाही. याचा अर्थ गोळी टाकून द्या असा अजिबात नाही. नुसत्या गोळीवर भागणार नाही, ताटात काय आहे तेही बघा, एवढाच त्याचा अर्थ.

आणि आपल्या ताटात काय होतं? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची जी नोंद केली आहे, तिच्यात लाजेनं लपवलेलं पण लोह आणि बी-१२ भरपूर असलेलं अन्न आहे. वजडी, रक्ती, कलेजी, वाळवलेल्या मांसाच्या चान्या. हे अन्न जातीनं आपल्यावर लादलं, हे विसरून त्याचा गौरव करायची आमची इच्छा नाही. पण मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाला परवडणारं सर्वांत स्वस्त मांस ताटातून गेलं. म्हशीच्या मांसाला कायद्याची आडकाठी नाही, पण आम्ही काम करतो त्या भागात भीतीपोटी ते विकणारेही कमी झाले. त्याच्या जागी काय आलं? अंगणवाडीच्या भिंतीवरच्या पोषण-चित्रांत पालक, गाजर, बीट, डाळिंब. बिटाच्या लाल रंगाचा रक्ताशी काही संबंध नाही आणि डाळिंबाचा भाव काय आहे हे चित्र काढणाऱ्यानं विचारलेलं नाही. सुकट, बोंबील, अंडं त्या भिंतीवर नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या बाईला तर मालक ‘नॉनव्हेज चालणार नाही’ असं बजावतो आणि ती गरोदरपणातही अंडं उकडायला घाबरते. (कलेजी चांगली, पण पहिल्या तीन महिन्यांत तिचा अतिरेक नको. तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.)

पैशाचं काय? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर स्त्रीला अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान सहा हजार रुपयांचा मातृत्व लाभ असा हक्क दिला. २०१७ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेनं तो पहिल्या मुलापुरता आणि पाच हजारांवर आणला. एप्रिल २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर सहा हजार मिळतात. सहा हजारांचा आकडा २०१३ चा आहे, तेव्हापासून डाळीचा भाव कुठं गेला ते सांगायला नको. तामिळनाडू रोख रक्कम आणि पोषण संच मिळून अठरा हजार देतं. आपल्याकडे आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं, पूर्ण जेवण मिळतं. ती योजना चांगली आहे. मग शहरातल्या वस्तीत आणि गावकुसाबाहेरच्या बौद्धवाड्यात फक्त कोरड्या धान्याचं किंवा तयार पिठाचं पाकीट का? आणि ते पाकीट घरी गेल्यावर घरातले सगळे खातात. बाईच्या वाट्याला काय उरतं हे तिलाच माहीत असतं, कारण ती सर्वांत शेवटी जेवते. ताज्या जेवणाचा फायदा असा की ते तिला बसून, इतर बायकांबरोबर खावं लागतं. त्या अर्ध्या तासात तिच्याशी कोणी तरी बोलतं. आमच्या मते हा फायदा प्रथिनांइतकाच मोठा आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या बाईचे सहा हजार आधार कार्डावरच्या आणि बँकेतल्या नावात एका अक्षराचा फरक असल्यामुळे अडकले होते. दुरुस्तीसाठी ती दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन तीन खेटे घालून आली होती.

इथं बाबासाहेबांची आठवण येणं साहजिक आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारनं उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. मजूर मंत्री असताना, १९४३ मध्ये खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातली दुरुस्तीही त्यांनीच मांडली. आज नोंदणीकृत नोकरीतल्या स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. आपल्या बहुसंख्य बाया धुणीभांडी, बांधकाम, कचरावेचणं, ऊसतोड यांत आहेत. ऊसतोडणीला गेलेल्या गरोदर बाईचं नाव गावच्या अंगणवाडीत आणि ती मात्र दोनशे किलोमीटरवरच्या फडात. तिची विश्रांती कोण देणार, हा १९२८ चा प्रश्न तिच्यापुरता अजून सुटलेला नाही.

मग कार्यकर्त्यांनी काय करावं? मनोविकारतज्ज्ञ कमी आहेत, तालुक्याला तर नाहीतच, म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत साध्या गाव-आरोग्यसेविकांना शिकवून त्यांच्याकरवी नैराश्यातल्या गरोदर बायकांशी ठरावीक पद्धतीनं बोलणं करवलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात सहा महिन्यांनी एरवीच्या गटात ५३ टक्के माता नैराश्यात होत्या, या गटात २३ टक्के. गोव्यात हेच काम ‘सखी’ म्हणवणाऱ्या, त्याच वस्तीतल्या सामान्य स्त्रियांनी केलं. तिथला परिणाम इतका मोठा नव्हता, पण बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. औषध नाही, डिग्री नाही. घरी जाऊन बसणं, बाईच्या डोक्यात कोणते विचार फिरतात ते ऐकणं, त्यातला छोटा बदल तिच्याबरोबर ठरवणं आणि घरच्यांना त्यात ओढणं.

सुरुवात दोन प्रश्नांनी होते. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटत होतं का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला होता का? दोन्हीपैकी एकाला जरी ‘बहुतेक दिवस’ असं उत्तर आलं तर पुढे जायचं. एडिंबरो नावाची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ती आशाताईंना आणि नर्सबाईंना येते किंवा पटकन शिकता येते. प्रश्न सासूसमोर, नवऱ्यासमोर विचारायचे नाहीत. आणि बाईनं मरणाचा विचार बोलून दाखवला तर ‘असं बोलू नये’ म्हणून तिला गप्प करायचं नाही. तसं काही करायचं मनात येतं का, हे सरळ विचारायचं. विचारल्यानं विचार वाढत नाही. तिला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येतं.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोनतीन आठवड्यांत एखादी बाई अचानक झोपेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, कानात आवाज येतात म्हणाली, हे बाळ माझं नाही म्हणाली, तर तो तातडीचा आजार आहे. हजारात एखाददुसरीला होतो आणि उपचारानं बरा होतो. गावाकडे याला ‘बाहेरची बाधा’ म्हणतात आणि देवऋषी बोलावतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे घडताना आम्ही पाहिलं आहे, दारात निळा झेंडा आणि आत उतारा. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, पण कायदा यायच्या आत शेजारच्या कार्यकर्त्यानं पोचायला हवं. आणि एक, मानसिक आजाराच्या गोळ्या आधीपासून चालू असलेली बाई गरोदर राहिली तर घरचे त्या एका दिवसात बंद करतात. तसं करायचं नाही. कोणती चालू ठेवायची, कोणती बदलायची हे डॉक्टर ठरवतील.

नवऱ्यांशी कोणी बोलायचं? हे काम महिला मंडळाच्या गळ्यात घालू नका. ते तरुण मुलांनी करायचं आहे, क्रिकेटच्या मैदानावर, टपरीवर. बायको रात्री बाळाला घेऊन जागते तेव्हा तू काय करतोस, एवढं एक मित्राला विचारून बघा.

त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगतो. तिच्याच तोंडून कळलं की सातव्या महिन्यापासून ती रात्री झोपत नव्हती. तिला सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात नेलं, पहिल्या वेळी नवरा आला नाही, दुसऱ्या वेळी आला. औषध सुरू झालं. लोहाची गोळी बदलून मिळाली, ती आता रात्री जेवल्यावर घेते. हिमोग्लोबिन ८.६ वरून साडेदहावर आलं आहे. सहा हजार अजून आलेले नाहीत.

आमच्या रजिस्टरात एक रकाना वाढवला आहे. ‘गोळ्या दिल्या’च्या शेजारी ‘रिकाम्या पट्ट्या पाहिल्या’, आणि त्याच्या शेजारी ते दोन प्रश्न. पुढच्या रविवारी वस्तीतल्या विहारात गरोदर आणि बाळंत बायकांची पहिली बैठक ठेवली आहे. सहा जणींना सांगितलं, चौघींनी यायचं कबूल केलं. एक गावी गेली आहे आणि सहावीची सासू अजून नको म्हणते, तिच्याकडे उद्या पुन्हा जाणार आहोत. जेवणाला अंडाकरी आणि ज्वारीची भाकरी आहे, स्वयंपाक मुलांनी अंगावर घेतला आहे.